बाबा, इथे बघण्यासारखं काय आहे ते सांगते

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं बोलणं आईच्या कुकरच्या शिट्ट्यांत जातं आणि उरलेलं 'हॅलो, ऐकू येतंय का' मध्ये. म्हणून लिहितेय. बाबा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर वाचत बसू नका. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झालेत.

परवा तुम्ही म्हणालात, "तिकीट काढलंय खरं, पण तुझ्या त्या गावात बघण्यासारखं आहे काय? शेजारचे जोशी न्यूयॉर्क आणि नायगारा बघून आले." बघू की. मधले पाच दिवस त्यासाठीच ठेवलेत. बाकीचे पाच आठवडे मात्र माझ्या गावाचे, त्यात वाटाघाटी नाहीत.

चॅटनूगा हे टेनेसी राज्यातलं गाव, अमेरिकेच्या दक्षिण भागातलं. अटलांटापासून गाडीने दोन तास. गावाला टोपणनावच 'सीनिक सिटी' आहे, म्हणजे निसर्गरम्य वगैरे. पन्नास वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. 1969 मध्ये सरकारी अहवालात देशातली सर्वांत घाण हवा या गावाची निघाली होती. लोखंडाच्या भट्ट्यांचा एवढा धूर, की भर दुपारी गाड्यांचे दिवे लावायला लागायचे म्हणे. आता टेनेसी नदीचा काठ असा राखलाय की मला आपला सांगलीचा सरकारी घाट आठवतो, गर्दी आणि भेळेची गाडी वजा करून.

बाबा, तुमच्यापासून सुरुवात करते. रॅकून माउंटन. गावाला लागूनच डोंगर आहे आणि डोंगराच्या माथ्यावर 528 एकरांचं तळं. नैसर्गिक नाही, बांधलेलं. रात्री विजेची मागणी पडली की नदीतलं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. आपल्याकडे घाटघरला आहे ना, तोच प्रकार, पण घाटघर 250 मेगावॅटचं आणि हे सोळाशेच्या वर. पॉवरहाऊस डोंगराच्या पोटात, कोयनेसारखं. तळं पूर्ण भरायला 28 तास लागतात. आत सोडत नाहीत, पण वरून नदीची घळ आणि धरणाची लांबच लांब भिंत दिसते. दुर्बीण आणा. डबा घेऊन जाऊ आणि तुम्ही म्हणाल तेवढा वेळ बसू. मी एकदाही 'चला आता' म्हणणार नाही.

दुसरं, चिकमॉगा धरण. गावाच्या वरच्या अंगाला, 1940 साली पूर्ण झालेलं. हे टीव्हीएचं, म्हणजे टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं. दामोदर खोऱ्याचं महामंडळ 1948 मध्ये याच टीव्हीएच्या नमुन्यावर काढलं, हे तुम्हीच मला नववीत भूगोल शिकवताना सांगितलं होतं. तेव्हा मी जांभया देत होते. आता रोज ऑफिसला जाताना त्याच धरणाच्या अंगाने जाते. तुमच्यासाठी एक गंमत राखून ठेवलीय. धरणाला बोटी वर-खाली नेण्यासाठी लॉक आहे आणि त्याचं काँक्रीट वर्षानुवर्षं फुगतंय. त्यातल्या खडीची सिमेंटशी रासायनिक क्रिया होते, त्यामुळे शेजारी नवं लॉक बांधायला काढलंय. हे वाचून तुम्ही खडी कुठल्या खाणीतली होती ते विचारणार, मला माहितीय. तिथेच विचारू.

धरणं का बांधली, तेही ऐका. 1867 च्या मार्चमध्ये या नदीला महापूर आला होता, पाणी 58 फुटांच्या आसपास चढलं होतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. आयर्विन पुलाला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे ज्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ होतं, तिथल्या मुलीला 58 म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता आई. तुझ्या गुडघ्यांचा विचार करून मी सगळं आधीच तपासून आलेय. मत्स्यालय तुला आवडेल, अगदी नक्की. 1992 मध्ये सुरू झालं, नदीकाठीच आहे, काचेच्या टोकदार छपरांचं. युक्ती अशी की आधी सरकत्या जिन्याने थेट वर जायचं आणि मग उतारावरून चालत हळूहळू खाली यायचं. डोंगरात पडलेला पावसाचा थेंब समुद्राला कसा मिळतो त्या क्रमाने सगळं मांडलंय. वर झरे आणि पाणमांजरं, खाली नदीतले राक्षसी मासे. एका टाकीत हात घालून स्टर्जन नावाच्या माशाला हात लावू देतात. खरखरीत पाठ असते. मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. हरिपूरच्या संगमावर तू पाण्यात हात घालू द्यायची नाहीस ना, 'मगर आहे' म्हणून, ते डोक्यातून अजून जात नाही.

लुकआउट माउंटनवर चढायचं नाही, रेल्वेने जायचं. वणीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीत बसलो होतो, आठवतं? तू सगळा वेळ डोळे मिटून 'उदो उदो' म्हणत होतीस. ही तशीच, पण 1895 सालची. एक मैलाची रेषा, आणि शेवटी शेवटी चढ इतका उभा की काचेच्या छतातून आभाळ दिसतं आणि मागे पाहिलं तर सगळं गाव पायाखाली. चढ 72 टक्क्यांच्या वर जातो. आई, तू पुढच्या बाजूला तोंड करून बस आणि देवीचं नाव घे, इथे कुणी काही म्हणत नाही.

वर पॉइंट पार्क आहे, तिथून नदीचं वळण दिसतं. मोकॅसिन बेंड म्हणतात, कारण चामड्याच्या चपलेसारखा आकार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 24 नोव्हेंबर 1863 ला, याच डोंगरावर धुक्यात लढाई झाली. ढगांच्या वरची लढाई असं तिचं नाव पडलंय. बाबांना तोफा बघायच्या असतील तर वेळ ठेवू. मला त्या तोफांत काही वाटत नाही, पण सकाळी खाली सगळं धुक्यात बुडालेलं असताना नदी हळूहळू उघडी पडते, ते बघायला मी कितीही वेळा येईन.

त्याच डोंगरावर रॉक सिटी. खडकांतून वाटा, झुलता पूल, धबधबा. 1932 मध्ये, मंदीच्या काळात एका नवरा-बायकोने सुरू केलं आणि गिऱ्हाईक यावं म्हणून दूरदूरच्या कोठारांच्या छपरांवर 'रॉक सिटी बघा' असं रंगवून घेतलं. आपल्याकडे एसटीच्या रस्त्याला घरांच्या भिंतींवर दंतमंजनाच्या जाहिराती असायच्या, तशातला प्रकार. तिथे एका कड्यावर फलक आहे की इथून सात राज्यं दिसतात. मी चार वेळा गेलेय, सातवं राज्य मला अजून सापडलेलं नाही. एक चिंचोळी घळ पण आहे, तिच्यात मी पाठीवरच्या सॅकसकट अडकले होते आणि मागे वीस-पंचवीस माणसं खोळंबली होती. आईला तिथे नेणार नाही. बाबांना हवं तर बाबा एकटे.

रूबी फॉल्सबद्दल सगळेच विचारतील, म्हणून सांगते. डोंगराच्या पोटात 145 फुटांचा धबधबा आहे. लिफ्टने खाली उतरायचं आणि गुहेतून चालत जायचं. 1928 मध्ये लिओ लँबर्ट नावाचा माणूस लिफ्टसाठी बोगदा खोदत होता, तेव्हा एक फट सापडली. तो त्या फटीतून 17 तास सरपटत गेला आणि आला, आणि धबधब्याला बायकोचं नाव दिलं. गोष्ट धबधब्यापेक्षा चांगली आहे. धबधब्यावर रंगीत दिवे सोडतात आणि संगीत लावतात, गणपतीच्या मंडपातल्या देखाव्यासारखं. वाट दगडाची आणि जागोजागी अरुंद. आईच्या गुडघ्यांना नको. फोटो दाखवीन.

मत्स्यालयाच्या बाजूला पायऱ्यांवरून पाणी खाली नदीकडे वाहतं. लहान मुलं त्यात खेळत असतात. ती जागा खरं तर चेरोकी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची आठवण आहे. 1838 मध्ये सरकारने त्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं आणि त्यांतल्या पुष्कळांना इथूनच बोटींत घालून पश्चिमेला धाडलं. हजारो वाटेत गेले. बाबा, चांदोली धरणासाठी उठवलेल्या गावांच्या फायली घेऊन तुम्ही रात्री उशिरापर्यंत जागायचात, आणि मी विचारलं की 'काही नाही, झोप' म्हणायचात. इथे उभे राहिलात की त्या दिवसांचं थोडं सांगा मला. आता मी मोठी झालेय.

आणि मग पूल. वॉलनट स्ट्रीट ब्रिज. निळ्या रंगाचा, लोखंडी, 1891 सालचा. आपल्या आयर्विनपेक्षा 38 वर्षांनी थोरला. 1978 मध्ये गाड्यांना बंद केला, पाडायच्याच बेतात होते, पण लोकांनी तो वाचवला आणि 1993 मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. पाऊण किलोमीटरच्या आत-बाहेर लांबी, खाली लाकडी फळ्या. चढ-उतार जवळजवळ नाही, आई सहज जाईल.

या पुलाचं एक मला आधी माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्यावर रोज फिरत होते, आइस्क्रीम खात होते. मग कळलं की 1906 मध्ये एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून आणून याच पुलावर फाशी दिलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा थांबवलेली असताना. त्यावरून त्या न्यायालयाने शेरीफवरच, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखावरच खटला चालवला, त्यांच्या इतिहासातला तसा एकमेव. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला 2000 साल उजाडलं आणि पुलाच्या टोकाशी त्याचं स्मारक 2021 मध्ये झालं. त्याचा आणि त्याच्या दोन वकिलांचा पुतळा आहे. आता मी तिथे दोन मिनिटं थांबते आणि मग पुलावर जाते. तुम्हालाही थांबवीन.

ऑगस्ट 2019 च्या पुरात तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर होतात. फोन तीन दिवस लागत नव्हता. तेव्हा मी रोज संध्याकाळी साडेसातला या पुलाच्या मधोमध उभी राहून फोन लावायचे, कारण सांगलीत तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असायचे आणि बाबा त्या वेळी उठलेले असतात. घरात बसून लावता आला असता की. पण घरात बसवत नव्हतं. खाली एवढी मोठी नदी शांत, कडेला लोक कुत्री फिरवतायत, आणि फोनमधून तीच ती बाई, 'संपर्क होऊ शकत नाही'. चौथ्या दिवशी बाबांनी फोन उचलला आणि पहिलं वाक्य काय? "उतरतंय, काल रात्रीपासून दोन फूट उतरलं." बाकी कसे आहात, काय खाल्लं, काही नाही. मी फळीवरच बसले. एक आजी थांबून विचारायला लागल्या, बरी आहेस ना म्हणून.

तर ती फळी दाखवायचीय. न्यूयॉर्कच्या आधी.

बाकी किरकोळ. ऑक्टोबरच्या शेवटी झाडांची पानं लाल-पिवळी होतात, म्हणून तेव्हाची तिकिटं काढली. आईने स्वेटर एकच आणावा, इथे घेऊ. नॅशव्हिलला गणपतीचं मंदिर आहे, दोन तासांच्या आत-बाहेर. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे आरतीला उशीर होत नाही. औषधांच्या चिठ्ठ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मेतकूट पुरे, लोणचं नको, मागच्या वेळी मावशीची बरणी बॅगेत फुटली होती. भडंग मात्र दोन किलो आणा, आणि ते तिखटच हवं, कमी तिखटाचं घेऊन पैसे वाचवू नका.

पुलावर खायला आहे ते.

तुमची
धाकटी