तीन दिवसांच्या शिबिरातून पुढारी घडत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पुढची फळी तयार होत नाही, अशी तक्रार वारंवार कानावर येते. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे नेतृत्व शिबिर: तीन दिवस व्याख्याने, शेवटी प्रमाणपत्र आणि एकत्र फोटो. शिबिरात माहिती मिळते, पण माणूस घडायला कुणीतरी वर्षानुवर्षे त्याच्यासोबत चालावे लागते. येशूने बारा जणांना नेमले ते आधी आपल्या सहवासासाठी, उपदेशाला पाठवणे त्यानंतर, असाच क्रम मार्ककृत शुभवर्तमानात (३:१४) आहे.

पहिल्या शतकातील तरुण सेवक योहान मार्काचेच पाहा. सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौल व बर्णबा या प्रेषितांच्या पहिल्या सेवाफेरीत तो पर्गा येथे त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. पुढच्या फेरीत त्याला न्यावे की नाही यावरून दोघांत इतकी तेढ आली की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र (सायप्रस) बेटावर गेला. रूढ कालगणनेनुसार पंधराएक वर्षांनी तोच पौल तुरुंगातून आपला तरुण शिष्य तीमथ्य याला कळवतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र तरुणाचे पहिले प्रवचन फसले की वर्षभर त्याला कुणी विचारत नाही.

एका वडिलांनी, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ पुढाऱ्याने, एका वेळी दोघा-तिघा तरुणांचीच जबाबदारी घ्यावी. त्याहून जास्त झाले की त्याचा वर्ग होतो. महिन्यातून दोनदा, दीड तास, ठरलेल्या दिवशी बसावे. पहिला अर्धा तास घर, पैसा, राग, झोप यांविषयी बोलावे, मग शास्त्रवाचन, मग सेवेचे काम. हा क्रम उलटला की घरचे बोलणे राहूनच जाते, आणि बहुतेक पुढारी कोसळतात ते तिथेच. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सभागृहाचे कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायला प्रमुख घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोण दारू पितो, कुणाच्या घरात भांडण आहे हे त्यांना दिसले. वसुलीसाठी सुरू झालेली ती भेट पुढे आत्मिक देखरेखीची पद्धत बनली.

काम शिकवायचे ते सोबत नेऊन. मृत्यू झालेल्या घरी जाताना तरुणाला बरोबर न्यावे. पहिल्यांदा त्याने नुसते बसावे: वडील किती कमी बोलतात, विधवेच्या शेजारी किती वेळ गप्प राहतात, हे पाहावे. पुढच्या वेळी प्रार्थना त्याने करावी. नंतर सांत्वन त्याने करावे, वडिलांनी मागे बसावे. मग त्याने एकट्याने जाऊन यावे आणि दोन दिवसांत सविस्तर सांगावे. प्रवचनाचेही तसेच. मात्र चूक मंडळीच्या दारात, लोकांसमोर सांगू नये. दुसऱ्या दिवशी, एकांतात आणि एका वेळी एकच सांगावी.

हे नाते बिघडतेही. मार्गदर्शक लग्न, नोकरी, घर यांचे निर्णय घेऊ लागतो, 'देवाने मला दाखवले' म्हणून दबाव आणतो आणि मुलाला वाटते की नकार देणे म्हणजे अवज्ञा. म्हणून दोघांनाही ओळखणारी तिसरी व्यक्ती सुरुवातीलाच ठरवावी आणि तिने वर्षातून दोनदा दोघांशी स्वतंत्र बोलावे. स्त्रियांना अनुभवी स्त्रीची सोबत मिळावी. दोघांत उसनवारी अजिबात नको. ऐकलेले बाहेर जाऊ नये. पण कुणाच्या जिवाला धोका किंवा लहान मुलाचा छळ असेल तर गुप्तता पाळता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

पाळकांची बदली झाली की सारे थांबते, ही नेहमीची अडचण. निघण्यापूर्वी नवी सोबत ठरवून द्यावी आणि स्वतः महिन्यातून एक फोन चालू ठेवावा. वयाने मोठे झालेले शिष्य पुढे मित्र होतात, कधी मार्गदर्शकालाच सल्ला देतात. तो ऐकायची तयारी हवी. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या एकाच वचनात आहेत. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत शिकणाऱ्यानेही एकाला सोबत घेतलेले असावे.

वार्षिक सभेत जमाखर्च मांडला जातो. त्याच सभेत प्रत्येक वडिलांनी आपण कुणासोबत चालत आहोत ती दोन-तीन नावेही मंडळीपुढे सांगावीत, ही विनंती.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक