‘कनक’ नव्हे, ‘कनाक’

मा. संपादक,
पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच प्रदेशाच्या मूळ रहिवाशांना मराठी बातम्यांत ‘कनक’ लिहिले जाते. कृपया ‘कनाक’ लिहावे. सोन्याशी त्याचा संबंध नाही. मूळ शब्द हवाई बेटांचा: ‘कनाका’ म्हणजे माणूस. माओरीतील ‘तांगाता’ आणि सामोअन ‘तांगाता’ही तेच. हवाईत जुन्या ‘त’चा ‘क’ आणि ‘ङ’चा ‘न’ झाला, एवढाच फरक.

खलाशांनी हा शब्द पॅसिफिकभर नेला. न्यू कॅलेडोनियात सुमारे 28 स्थानिक भाषा आहेत, पण तो त्यांपैकी एकीतलाही नाही. 1853 नंतर फ्रेंच वसाहतवाल्यांनी तो तुच्छतेने वापरला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर आणलेल्या बेटवासी मजुरांनाही हेच हिणवणारे नाव चिकटले. 1970च्या दशकात न्यू कॅलेडोनियातल्या तरुण चळवळीने तोच शब्द अभिमानाने उचलला आणि फ्रेंच वळणाच्या ‘Canaque’ऐवजी ‘Kanak’ असे लिहायला घेतले. न्यू कॅलेडोनियाच्या भवितव्याबद्दल फ्रान्सशी झालेल्या 1998च्या नूमेआ करारात तो याच रूपात आहे. लिंग-वचनानुसार तो बदलत नाही. तेव्हा मराठीतही ‘कनाक स्त्रिया’, ‘कनाक लोक’ असेच लिहावे, ‘कनाकी’ असे विशेषण करू नये. ‘कनाकी’ हे स्वातंत्र्यवाद्यांनी देशाला दिलेले नाव आहे, आणि ही गल्लत राजकीय अर्थच बदलते.

आपला,
एक वाचक, पुणे