पाइपाची चीर शोधणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांत तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमच्याकडे आलो त्याआधी दोन महिने आमची डिझेल गाडी ओढत नव्हती. सपाट रस्त्यावर साठ-सत्तरपर्यंत बरी जायची. त्यापुढं पाय कितीही दाबा, इंजिन नुसतं घोंघावायचं, मागून काळा धूर निघायचा आणि पिकअप म्हणून काही यायचा नाही. बाबांना दर पंधरा दिवसांनी सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागतं. पांढरकवड्याहून करंजी, वडकी, हिंगणघाट असा हायवेचा रस्ता. ऐन वेचणीच्या दिवसांत वडकीच्या अलीकडे कापसानं भरलेला ट्रक पुढं होता. त्याला काढायला मी उजव्या पट्ट्यात गेलो आणि गाडीनं उचलच घेतली नाही. ट्रकच्या बरोबरीनं अडकलो. मागून ट्रेलर लाइट मारत, हॉर्न देत अंगावर येत होता. कसाबसा ब्रेक मारून ट्रकच्या मागं शिरलो. बाबा मागच्या सीटवर वरची कडी घट्ट धरून बसले होते. बोलले काहीच नाहीत, पण हिंगणघाट येईपर्यंत त्यांनी ती कडी सोडली नाही.

त्याच आठवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी ०२९९ असा कोड आला. ते म्हणाले, टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी; म्हणजे टर्बो गेला, बदलावा लागेल, पंचेचाळीस हजार. कापसाचे पैसे अजून हातात यायचे होते. उसनवारी करायची की गाडी विकायची, या विचारात मी तुमच्या शेडला थांबलो तो खरं तर हवा भरायला.

तुम्ही बोनेट उघडलं नाही. आधी विचारलं, "कधीपासून होऊन रायलं असं? एकदम झालं का हळूहळू? चढावर जास्त का सपाटीलेही?" इतके दिवस मला कोणी हे विचारलंच नव्हतं. मग गाडी न्यूट्रलला ठेवून हातानं ढकलून पाहिली, चारही चाकांना हात लावून पाहिला, ब्रेक धरून तर नाही ना. क्लच घसरत असता तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढलं असतं आणि वेगाचा काटा तिथंच राहिला असता, इथं तर आरपीएमच चढत नाही, हेही तुम्हीच समजावलंत. एअर फिल्टर काढला तर त्यावर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा थर. आमच्याकडं जिनिंगच्या रस्त्यानं रोज येणं-जाणं, तो थर बसणारच. नवा टाकला, थोडा फरक पडला. दुसरा कोणी तिथंच थांबला असता. तुम्ही म्हणालात, "नाही जी, हे पूर्ण नाही."

कोडाबद्दल तुम्ही जे सांगितलं ते मी आता गावात ज्याला-त्याला सांगतो. "कोड म्हणते हवा कमी पडली. कुठं कमी पडली ते नाही सांगत." तुम्ही टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला, बोटानं आतला पंखा हलवून पाहिला. पाती कुठं घासलेली नव्हती, खेळही जास्त नव्हता. मग स्टीअरिंगखाली तुमचं छोटं यंत्र लावून मला हायवेच्या चढावर गाडी न्यायला लावली. उभ्या गाडीत रेस दिली तर इंजिनावर भार नसतो, टर्बो दाब फारसा तयारच करत नाही. म्हणून शेडमध्ये सगळं ठीक दिसतं. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. मोबाइलवर दोन आकडे पळत होते. गाडीला हवेचा दाब पाहिजे होता २१० किलोपास्कल, मिळत होता १३५. साध्या बाहेरच्या हवेचाच दाब शंभरच्या जवळ असतो, म्हणजे टर्बोची मेहनत वाटेतच सांडत होती. तेवढ्यात तुम्ही काच खाली केली आणि मला म्हणालात, "ऐका बरं." बारीक सूं सूं असा आवाज. दोन महिने मी तो आवाज वाऱ्याचा समजत होतो.

इंटरकूलरहून, म्हणजे टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून, इंजिनाकडे जाणारा तो रबरी पाइप वरून धडधाकट होता. तुम्ही माझा हात धरून खालच्या अंगाला लावला. बोटाला ओलसर तेलकट लागलं, त्यावर काळी धूळ आणि कापसाचे चार तंतू चिकटलेले. पाइप वाकवला तेव्हा चीर उघडली, बोटाच्या एका पेराएवढी. सोडला की मिटून दिसेनाशी. दाब आला की उघडायची, गाडी थांबली की मिटायची. हवा सांडली, डिझेल मात्र आलं, म्हणून तो काळा धूर.

मी घाईत होतो, म्हटलं टेप गुंडाळून द्या. तुम्ही नाही म्हणालात. गरम तेलकट हवेच्या दाबापुढं टेप टिकत नाही, आणि मला बाबांना घेऊन जायचं होतं. नागपूरहून पाइप मागवला, दुसऱ्या दिवशी एसटीनं आला. पाइप १,८५०, फिल्टर ३८०, मजुरी तुम्ही ३०० सांगितली. मी जास्त देऊ लागलो तर नोटा माझ्याच खिशात घातल्या.

भाऊ, पंचेचाळीस हजार वाचले ते आहेच. पण नवा टर्बो बसवूनही ती चीर तिथंच राहिली असती, आणि बाबांना घेऊन मी पुन्हा त्याच ट्रकच्या बाजूला अडकलो असतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

परवाच्या फेरीत वडकीजवळ पुन्हा कापसाचा ट्रक लागला. चौथ्या गिअरातच गाडी सरकन पुढं निघाली. आरशात पाहिलं, बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

तूर निघाली की घरच्या डाळीची पिशवी घेऊन येतो. शेजारच्या काकांची जीपही असाच काळा धूर सोडते, त्यांनाही सोबत आणतो.

आपला,
केळापूर तालुक्यातला एक शेतकरी