माउस बाजूला ठेवा, बाबा

पुणे, रविवार रात्र

तीर्थस्वरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

केळीच्या विम्याची पावती शोधण्यात बाबांच्या दोन संध्याकाळी गेल्या आणि रात्री खांद्याने झोपू दिलं नाही, असं आई काल फोनवर म्हणाली. तेव्हापासून जीव तिकडेच आहे. आखडलेल्या खांद्याने माउसचं चाक फिरवत दोन-तीन वर्षांचे मेल चाळायचे नाहीत, बाबा. इंग्रजी ४० आणि मराठी ३० ची टायपिंगची परीक्षा पास झालेली तुमची बोटं आहेत. जीमेलमधलं सगळं त्यांच्याकडून होतं.

दिवाळीत रावेरला आले होते तेव्हा सेटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालू करून ठेवलेत. मेल उघडून तिरप्या रेघेची कळ दाबा, उजव्या शिफ्टच्या शेजारची. कर्सर थेट शोधाच्या चौकटीत जातो.

कचेरीत कागद शोधायचा असला की तुम्ही विचारायचात: कोणाचा, कधीचा, सोबत काय जोडलंय? इथेही तेच सांगायचं. कोणाचा, यासाठी इंग्रजीत फ्रॉम, त्याला चिकटून कोलनची दोन टिंबं आणि लगेच विमा कंपनीचं नाव. मधे जागा सोडू नका.

कधीचा, यासाठी आफ्टर आणि बिफोर, तसाच कोलन लावून. तारीख मात्र आपल्या सवयीच्या उलट: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे तिरपी रेघ, आकडे इंग्रजी. नेमका दिवस आठवत नाही म्हणून अडून बसू नका. विमा दिवाळीच्या तोंडावर भरला हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे ना? २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. मग आफ्टरपुढे २०२३/१०/१ आणि बिफोरपुढे २०२३/११/१२ लिहा. दीड महिन्याचेच मेल उरतात. तुम्हाला सगळं सणवार आणि केळीच्या कापणीवरून आठवतं. तेवढी आठवण इथे पुरते.

पावती पीडीएफ आहे, म्हणून शेवटी फाइलनेम, कोलन, पीडीएफ. हे सगळं एकाच ओळीत, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून, आणि एंटर. जाहिराती मधे आल्या तर त्यांतला एखादा शब्द आधी वजाचं चिन्ह चिकटवून लिहा, ते मेल गळतात.

यादीत इंग्रजी जे अक्षर दाबलं की खाली, के दाबलं की वर, एंटरने मेल उघडतो, यूने परत यादीत. चुकून हॅश दाबलं गेलं तर मेल कचऱ्यात जातो. लगेच झेड दाबा, परत येतो. कचऱ्यात तो ३० दिवस राहतो, पण साधा शोध तिथे बघत नाही. त्यासाठी ओळीत इन, कोलन, एनीव्हेअर घाला.

आई, मोबाइलवर या कळा नाहीत, पण शब्द तेच चालतात. मावशीने पाठवलेले बारशाचे फोटो तुला हवे होते ना? फ्रॉमपुढे तिचं नाव, मग हॅज, कोलन, अटॅचमेंट.

बाबा, रोज रात्री खांदा शेकत जा. आई, त्यांना आठवण कर. शनिवारी सकाळी पोचते. बामणोदची वांगी मिळाली तर भरीत आपण दोघी मिळून करू. पावती सापडली की तो मेल उघडून एफ दाबा आणि मला पाठवा, मी इथून छापून आणते.

तुमची लेक