बारा पैशांसाठी बिल अडवणाऱ्यांना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शंभर रुपये छापील किमतीच्या वस्तूचं बिल संगणकाने १००.०१ कसं काढलं आणि तो एक पैसा कुणाच्या खिशात गेला, असं एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात रागाने विचारलं होतं. मी सांगलीत गणपती पेठेतल्या काही दुकानांची आणि एका छोट्या कारखान्याची वही लिहिते, म्हणजे आता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. खिशात काही गेलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

१८ टक्के जीएसटी आतच धरलेल्या शंभर रुपयांतून मूळ किंमत काढायची तर १०० ला १.१८ ने भागायचं. येतात ८४.७४५७ आणि पुढे शेपूट. बिलावर ८४.७५. त्यावर ९ टक्के केंद्राचा कर ७.६२७५, म्हणून ७.६३. राज्याचाही तेवढाच. बेरीज १००.०१. छापील किमतीच्या वर घेता येत नाही, म्हणून तळाशी ‘राउंड ऑफ’ च्या ओळीत एक पैसा वजा होतो आणि गिऱ्हाईक शंभरच देतो. हाच हिशेब दहा रुपयांच्या वस्तूवर केला तर ९.९९ येतात. त्याबद्दल मात्र कुणी पेपरला पत्र लिहीत नाही!

पण माझं खरं दुखणं गिऱ्हाइकाचं नाही, मोठ्या खरेदीदारांच्या अकाउंट्स खात्याचं आहे. कारखान्याचं एक बिल घ्या. बारा वेगवेगळे आयटम, प्रत्येक ओळ ३४.५० ची (आकडे मुद्दाम सोपे घेतलेत), एकूण ४१४ रुपये. एका ओळीवर ९ टक्के म्हणजे ३.१०५. आता तो शेवटचा अर्धा पैसा कुठे टाकायचा? आपण शाळेत शिकलो तसा वर ढकलला तर ३.११, आणि बारा ओळींचे ३७.३२. काही सॉफ्टवेअर बरोबर मध्यावर आलेला आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतात. तिथे ३.१० होतात, बारा ओळींचे ३७.२०. आणि आधी बेरीज करून ४१४ वर एकदाच ९ टक्के काढले तर ३७.२६. दोन्ही कर धरून बिल अनुक्रमे ४८८.६४, ४८८.४० आणि ४८८.५२. रुपयात आणलं की पहिलं नि तिसरं ४८९, मधलं ४८८. तिघांचंही गणित पक्कं, फक्त पूर्णांकन म्हणजे राउंडिंग करायची पायरी किंवा रीत वेगळी. फार लांब कशाला, एक्सेलच्या शीटमधलं राउंड अडीचचे तीन करतं आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोमधलं, म्हणजे आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममधलं राउंड अडीचचे दोन करतं.

आमचं सॉफ्टवेअर ओळीवर कर काढतं, समोरच्यांचं बेरजेवर. बारा पैसे जुळले नाहीत की त्यांच्याकडून निरोप येतो, ‘मॅच होत नाही, क्रेडिट नोट पाठवा.’ क्रेडिट नोट म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद. तो बनवायचा, सही-शिक्का, तोवर त्यांची पेमेंटची तारीख टळलेली. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या असा २००६ सालचा कायदा आहे, पण बिलच ‘होल्ड’ वर असलं की दिवस मोजायला कोण बसलंय? सरकार याहून मोकळ्या हाताचं आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कर जवळच्या रुपयात आणायचा, ५० पैसे किंवा वर असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे बिलं सरकारकडे ऑनलाइन नोंदवायच्या पोर्टलवरसुद्धा कराच्या आकड्यात रुपयाभराचा फरक चालतो. पोर्टलला जे चालतं ते खरेदी खात्यातल्या साहेबांना चालत नाही.

याचा अर्थ किरकोळ फरक दिसला की डोळे मिटून ‘राउंड ऑफ’ खात्यात ढकलावा असं मुळीच नाही. जुने मुनीम पैशासाठी दिवा लावून बसायचे, ते उगीच नव्हे. बारा पैशांच्या फरकात कुठे पाचशेची चूक अधिक आणि ४९९.८८ ची चूक वजा लपलेली असू शकते. माझी परीक्षा साधी आहे. एका ओळीवर एका कराचं पूर्णांकन करताना जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो. बारा ओळी, दोन कर, म्हणजे चोवीस अर्धे, बारा पैसे. वरच्या उदाहरणातला फरक नेमका तेवढाच आहे. वजनावर विकलेला माल किंवा डिस्काउंट असेल तर थोडं आणखी धरा. त्याच्या आत असेल तर सोडा, बाहेर असेल तर राउंडिंगचं नाव घेऊ नका, बिल उघडा. फरकाला नऊने नेमका भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा, ५४ च्या जागी ४५ टाइप झालेले असतात. आणि महिनोन्‌महिने फरक एकाच बाजूला पडत असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा, त्याने पूर्णांकन न करता पुढचे आकडे नुसते छाटले असण्याची शक्यता आहे.

बजेटमध्येही हेच. वर्षाचे एक लाख बारा महिन्यांत वाटले की ८,३३३.३३ येतात आणि बारा महिन्यांची बेरीज ९९,९९९.९६. मी मार्चला ८,३३३.३७ लिहून मोकळी होते. एक्सेलमध्ये तर सेलला दोनच दशांश दिसतात, आत पूर्ण शेपूट असतं आणि बेरीज शेपटासकट होते. मग मालक कॅल्क्युलेटर घेऊन बसतात आणि विचारतात, ‘बाई, कॉम्प्युटर चुकतो का हो?’

माझं मागणं दोघांकडे आहे. बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी कर ओळीवर काढलाय की बेरजेवर, हे बिलाच्या तळाशी एका ओळीत छापायची सोय द्यावी, आणि मशीन बसवतानाच दुकानदाराला काय हवं ते विचारावं. खरेदीदार कंपन्यांनी बिल तपासताना पोर्टलसारखी रुपयाची मुभा ठेवावी आणि तेवढ्यासाठी क्रेडिट नोट मागणं बंद करावं.

एक विनंती आपल्यालाही. बजेटच्या दिवसांत आपल्या अंकात तक्ते येतात, त्यांतल्या टक्क्यांची बेरीज कधी ९९ भरते, कधी १०१. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यापुढे पेपर धरून लोक विचारतात. तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरीज तंतोतंत जुळेलच असे नाही’ एवढं बारीक टायपात छापता आलं तर बरं होईल.

आपली,
एक अकाउंटंट, गणपती पेठ, सांगली