यंत्राचा स्वर निर्जीव का वाटतो?

संपादक महोदय,

संगणकावर निर्माण केलेला स्वर निर्जीवच असतो, असे मत मांडणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी मिरजेचा. एकांकिकांचे पार्श्वसंगीत लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरवर (सिंथ, म्हणजे कृत्रिम स्वर तयार करणारे यंत्र किंवा सॉफ्टवेअर) करतो. असे स्वर बरेचदा निर्जीव वाटतात हे खरे, पण दोष यंत्राचा नाही. स्वराला आकार देण्याचे कष्ट कोणी घेत नाही आणि ते कोणी शिकवतही नाही.

वाद्य ओळखू येते ते स्वर कसा उठतो आणि कसा ओसरतो यावरून. १९४८ साली पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातून सुरुवातीचा ठोकाच काढून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेना. सिंथमध्ये हा चढउतार एन्व्हलपने, म्हणजे वेळेनुसार पातळी कशी बदलावी याच्या आराखड्याने ठरतो: अटॅक (चढायला लागणारा वेळ), डिके (मग उतरायला लागणारा वेळ), सस्टेन (कळ दाबून धरल्यावर टिकणारी पातळी), रिलीज (कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ). बहुतेक जण या चार आकड्यांवर थांबतात. पण दोन टप्प्यांमधली रेषा सरळ आहे की वाकलेली, हे त्याहून महत्त्वाचे. आपला कान आवाजातला फरक गुणोत्तराने मोजतो. म्हणून सरळ रेषेत उतरणारा स्वर बराच वेळ रेंगाळतो आणि शेवटी एकदम तुटल्यासारखा संपतो. छेडलेली तार आधी झपाट्याने, मग हळूहळू विरते. जुन्या अॅनालॉग यंत्रांत कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) रिकामा होताना हे वळण आपोआप मिळे. सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा ते आपल्याला द्यावे लागते. ‘व्हायटल’ या सॉफ्टवेअर सिंथमध्ये तर रेषा माउसने ओढून वाकवता येते.

तानपुऱ्याचेच घ्या. अटॅक ५ मिलिसेकंद, डिके ७-८ सेकंद, सस्टेन शून्य, एवढे करूनही तानपुरा वाजत नाही. जवारीच्या, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे तार छेडल्यानंतर वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. त्यासाठी फिल्टरला (स्वरातला वरचा, तीक्ष्ण भाग कमी-जास्त करणाऱ्या भागाला) वेगळा, सावकाश उघडणारा एन्व्हलप लावावा लागतो. शिवाय प्रत्येक छेड सारखी नसते, म्हणून फिल्टरच्या उघडण्यात थोडे रँडम मॉड्युलेशन, म्हणजे अनियमित बदल हवा. अगदी थोडा; जास्त झाला की वाद्य बिघडल्यासारखे वाटते. बासरीसारख्या लांब स्वरात सेकंदाला पाच-सहा आंदोलनांचा एलएफओ (स्वराला कंप देणारी संथ लहर) पहिल्या क्षणापासून सुरू ठेवला तर तो हमखास खोटा वाटतो. एलएफओच्या प्रमाणालाही एन्व्हलप द्यावा, म्हणजे आधी स्वर स्थिरावतो आणि मग कंप येतो.

खर्चाची सबब इथे चालणार नाही. ‘सर्ज’ हा सिंथ २०१८ पासून मुक्तस्रोत (कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारा) आहे, ‘व्हायटल’ची मूळ आवृत्ती मोफत मिळते. संगीत विद्यालयांना माझी विनंती आहे: तंतुवाद्यांच्या आमच्या या गावात विद्यार्थ्यांना लॅपटॉप घेऊन जवारी लावणाऱ्या कारागिराशेजारी बसवा. दोरा किंचित सरकला की नाद कसा उघडतो, ते त्यांनी ऐकावे आणि तिथेच फिल्टरच्या वळणात उतरवून पाहावे. बरोबर जमले की नाही, ते त्या कारागिरालाच विचारावे.

— एक कीबोर्डवादक, मिरज