डॉ. मार्था ह्यूजेस कॅनन यांस, स्टुलाबद्दल आभार

डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव निघालं की लोक एवढंच सांगतात: 1896 साली अमेरिकेतल्या युटा राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहासाठी, बाईंनी नवऱ्याला हरवलं. पण ती लढत समोरासमोरची नव्हतीच. सॉल्ट लेकच्या त्या मतदारसंघातून पाच जण निवडून द्यायचे होते. तुम्ही डेमोक्रॅट, तुमचे यजमान अँगसराव रिपब्लिकन. पाचही जागा डेमोक्रॅटांनी नेल्या. रिपब्लिकन यादीतल्या एमेलिन वेल्सबाईही त्यात पडल्या, त्यांची आठवण कोणी काढत नाही. अमेरिकेतल्या राज्य सिनेटमधल्या पहिल्या बाई तुम्ही, हे मात्र पक्कं.

आम्हाला आभार मानायचेत ते स्टुलाचे. दुकानात काम करणाऱ्या बायका-मुलींना हाताशी काम नसेल तेव्हा टेकायला खुर्ची, स्टूल किंवा तशी सोय मालकाने ठेवलीच पाहिजे, असा कायदा तुम्ही आणलात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त वर ढकललं जात नाही, पाय सुजतात, शिरा फुगतात. गरोदर बाईला तर जास्तच. मिशिगनला डॉक्टरी शिकलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं. कायद्यातली फट एकच: ‘काम नसेल तेव्हा’. ती वेळ ठरवणार मालक, त्यामुळे स्टूल असूनही बसायची सोय नाही, असं होऊ शकतं. तरी जागेवर स्टूल आहे की नाही, हे तपासणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. आराम असा मोजता येत नाही.

राज्य आरोग्य मंडळाचा कायदाही तुमचाच. साथ गावाची वेस पाहून थांबत नाही. एका गावाने रुग्ण वेगळे ठेवायचे आणि शेजारच्याने नाही, तर पहिल्याचे कष्ट वाया. त्यासाठी राज्यभर एकच अधिकार हवा होता. बहिऱ्या, मुक्या आणि अंध मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही तुम्हीच मांडलात.

आणखी एक आभार, सिनेटच्या दहा वर्षं आधीचे. मॉर्मन पंथातल्या पुरुषांवर बहुपत्नीत्वाचे खटले चालू असताना, तुम्ही केलेली बाळंतपणं हाच मुलांच्या बापांविरुद्ध पुरावा ठरणार होता. 1886 मध्ये तान्ही लेक घेऊन तुम्ही इंग्लंड गाठलंत, आणि रुग्णांच्या घरातली गोष्ट तुमच्या तोंडून कोर्टात गेली नाही.

आपली,
सार्वजनिक आरोग्याच्या कामातली मंडळी